डेलबर्टच्या डाव्या हाताची जागा

१

मे महिन्यातल्या त्या शनिवारी व्हर्ना मॅब्री स्वतःच्या कबरीच्या जागेवर बसून सँडविच खात होती, आणि तिचं अगदी छान चाललं होतं.

यात वावगं काही नाही. अमेरिकेतल्या आमच्या ओझार्कच्या डोंगरात दर मे महिन्यात एका रविवारी जो तो आपल्या घराण्याच्या दफनभूमीवर जमतो. कबरींवर फुलं ठेवायची, शेजारीच गवतावर चादरी अंथरायच्या आणि सगळ्यांनी मिळून पोटभर जेवायचं, अशी रीत आहे. आदल्या दिवशी साफसफाई. मॅब्रींच्या टेकाडावर ती साफसफाई व्हर्ना करी. सकाळपासून तिनं दगडांवरचं शेवाळ ब्रशनं घासून काढलं होतं, सासूच्या दगडाला साबण लावून तो धुतला होता, आणि आता पाय पसरून ती नवऱ्याच्या डाव्या हाताला बसली होती.

नवरा म्हणजे डेलबर्ट. त्याला जाऊन पाचसहा वर्षं झाली होती. दोघांचा मिळून एकच दगड होता. त्याच्या नावाखाली दोन्ही सालं कोरलेली, तिच्या नावाखाली जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ, आणि पुढे गुळगुळीत कोरी जागा. बाहेरगावची माणसं तो दगड बघून चरकत. व्हर्नाला मात्र त्याचा फार आधार वाटे. घर गळकं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण शेवटी कुठे निजायचं हा प्रश्न सुटलेला होता. पोटच्या पोरांचं सुख तिला नव्हतं. हा दगड आणि ही जागा, एवढंच तिचं होतं, आणि तेवढ्यावर बाई खरंच सुखी होती.

मॅब्री घराणं इथे राहिलं तेच मुळी या टेकाडामुळे. मूळ पुरुष ॲब्सलम टेनेसीहून बैलगाडी घेऊन निघाला होता आणि त्याला जायचं होतं पार पश्चिमेला. वाटेत गाडीतच त्याची म्हातारी आई गेली. टेकाडावरच्या ओकखाली तिला पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी ॲब्सलमनं बैल जुंपले. त्याची बायको केझाया उठेचना. "म्हातारीला इथे एकटीला टाकून मी पाऊल पुढे टाकायची नाही," ती म्हणाली, "तुला जायचं तर खुशाल जा." ॲब्सलमनं थोडा वेळ आरडाओरडा केला आणि मग बैल सोडले. म्हणजे मॅब्रींची आधी कबर झाली आणि मग घर झालं. तेव्हापासून त्यांच्यात एक गोष्ट पक्की आहे, आपलं माणूस एकटं निजवायचं नाही. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला, पोरं पायाशी.

"मामी, झालं का तुझं जेवण? उठ आता," रॉइस खालून ओरडला. रॉइस हा तिच्या नणंदेचा मुलगा, चांगला पंचेचाळिशीचा बाप्या. "या जागेच्या कडेनं दगडी पट्टी बसवायचीय मला. उद्या लोकांनी बघून म्हटलं पाहिजे, व्वा!"

"बसव की. मी काय तुझ्या वाटेत आहे?"

"अगदी वाटेतच बसलीयस!"

व्हर्ना हसत हसत उठली आणि तिनं उरलेले पावाचे तुकडे पाखरांना टाकले. रॉइसनं फावडं उचललं.

"थांब," मागून आवाज आला. "तारा फिरवल्याशिवाय फावडं लावायचं नाही."

ती ओलीटा. रॉइसची आई, व्हर्नाची थोरली नणंद आणि आता अख्ख्या मॅब्री घराण्यात वयानं सगळ्यांत मोठी.

२

तारांचं सांगतो. पहिल्या काळात या लोकांकडे दगड कोरून घ्यायला पैसा नव्हता. कुणाच्या डोक्याशी शेतातला धोंडा, कुणाच्या लाकडी फळी. फळ्या कुजल्या, धोंडे गुरांनी ढकलले. टेकाडाच्या पोटात कोण कुठे आहे कोण सांगणार? म्हणून नवीन खणायच्या आधी तारा फिरवतात. कपडे अडकवायच्या हँगरची तार कापायची, काटकोनात वाकवायची, दोन मुठींत दोन तारा सैल धरायच्या आणि सावकाश चालायचं. खाली माणूस असला की तारा आपोआप वळतात आणि एकमेकींवर फुली मारतात. का, ते मला विचारू नका. तारा जिथे फुली मारतात तिथे मॅब्री लोक खणत नाहीत, आणि रविवारच्या जेवणानंतर घराण्यातलं थोरलं माणूस उभं राहून कुणाची जागा कुठली ते सगळ्यांसमोर सांगतं. एकदा सांगितलं की सांगितलं. त्यात बदल नाही.

व्हर्नाचा तारांवर विश्वास नव्हता. एके काळी शाळेत शिकवणारी बाई ती. ओलीटा मनगटं वाकवते असा तिला जुना संशय होता, पण नणंदेशी कोण वाद घालणार?

ओलीटा तारा घेऊन डेलबर्टच्या पायथ्यापासून त्याच्या डाव्या हाताकडे वळली. व्हर्नाच्या जागेवर आली. तारा थरथरल्या, वळल्या, आणि एकमेकींवर आडव्या झाल्या.

ओलीटा थांबली. दोन पावलं मागे गेली, पुन्हा आली. पुन्हा फुली.

"ओलीटा, हे काय?" व्हर्ना म्हणाली.

"मला काय विचारतेस? मी काय केलं?"

"ही माझी जागा आहे."

"ठाऊक आहे गं मला! डेलबर्टला ठेवलं तेव्हा हे सगळं मीच चालून पाहिलंय. इथे काही नव्हतं. काही म्हणजे काही नव्हतं."

"मग आता कुठून आलं?"

ओलीटानं तारा पुसून पुन्हा सरळ धरल्या. व्हर्ना फणकाऱ्यानं म्हणाली, "मनगट सरळ ठेव म्हणजे झालं."

"असं? घे, तूच धर!" ओलीटाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घे ना! शहाणी कुठली!"

व्हर्नाच्या हातात तारा कधीच चालल्या नव्हत्या. नवी नवरी असताना सासूनं हौसेनं दिल्या होत्या, तेव्हा त्या काठ्यांसारख्या सरळ राहिल्या होत्या आणि सगळे पोट धरून हसले होते. आता तिनं त्या मुठीत सैल धरल्या आणि पाऊल टाकलं. गवत दाट होतं, जुनं होतं, कुणी कधी उकरलेलं नव्हतं. ती आत्ताच तर तिथे बसली होती.

तारा तिच्या हातात हळूच वळल्या. तिनं अंगठ्यांनी दाबून धरल्या, तरी वळल्या.

"बघितलंस?" ओलीटा हलक्या आवाजात म्हणाली. टोमणा मारायची एवढी चांगली संधी, पण तिनं ती घेतली नाही. "आता उद्या मी काय सांगू सगळ्यांना? तारा फुली मारतायत तिथे खणता येत नाही, व्हर्ना. तुला कुंपणाकडे जागा द्यावी लागेल. हल्डाच्या शेजारी."

"हल्डाच्या?" हल्डा ही चुलत जाऊ. जिवंत असताना तिची टकळी ऐकून व्हर्नाचं डोकं उठायचं. "अगं, जिवंतपणी तिला टाळत आले मी! आणि डेलबर्ट इथे एकटा?"

"मी तरी काय करू?"

व्हर्नाला रडू आलं. नणंदेसमोर रडायचं नाही असं तिनं लग्नाच्या वर्षीच ठरवलं होतं, म्हणून ती दगडाकडे तोंड करून उभी राहिली. तिचं नाव, जन्माचं साल, आडवी रेघ. त्या कोऱ्या जागेकडे तिला आज बघवेना.

३

"सळई घालून बघू," रॉइस म्हणाला. "तारांचं काय घेऊन बसलात? सळई खोटं बोलत नाही."

सळई म्हणजे आडव्या मुठीची लांब लोखंडी कांब. आमची जमीन सगळी चिकणमाती आणि गारगोट्यांची. न खणलेल्या जागी सळई वीतभर गेली तरी पुष्कळ. एकदा खणलेल्या जागी मात्र ती शंभर वर्षांनीही सहज जाते.

रॉइसनं आधी वाटेवर घालून दाखवली. खट्ट. गारगोटीवर बसली. मग तो व्हर्नाच्या जागेवर आला, टोक टेकवलं आणि अंगाचा भार टाकला.

सळई आत गेली. भार टाकायची गरजच नव्हती, ती गेलीच. ताज्या भुसभुशीत मातीत जावी तशी, मुठीपर्यंत. रॉइस तोल जाऊन गुडघ्यावर आला.

"अरे बापरे," तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "चिचुंद्र्यांनी पोखरलं असेल, मामी. खाली सगळी बिळं."

"मग ओढ बाहेर."

त्यानं ओढली. सळई येईना. हा माणूस वासरू खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारा, पण त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि सळई जागची हलली नाही. दोन्ही पाय रोवून तो पुन्हा ओढायला लागला, आणि मग एकाएकी ती सुटली. रॉइस मागच्या मागे धपकन पडला.

ओलीटा खो खो हसली. "अरे, ऊठ! एवढा रेडा आणि एका कांबीनं पाडलं तुला!"

रॉइस हसला नाही. सळईच्या टोकाकडे बघत तो तसाच बसून राहिला. टोकाला ओल नव्हती, मुळाचा तंतू नव्हता, काही नव्हतं. त्यानं ती गवतात पुसली, पुन्हा पुसली, आणि गाडीच्या मागच्या बाजूला सगळ्या सामानाखाली ठेवून दिली.

"मुळं असतील," तो म्हणाला.

"कशाची रे? ओक तिकडे, पार त्या टोकाला."

"असतील कशाची तरी!" तो मामीवर कधी ओरडत नसे. मग ओशाळून म्हणाला, "पट्टीचं राहू दे यंदा. घरी चला. ऊन किती झालंय."

व्हर्नाच्या दाराशी तिला उतरवताना मात्र त्यानं इंजिन चालूच ठेवलं आणि समोर बघत म्हणाला, "मामी, ओढताना ना... अडकल्यासारखं नव्हतं ते. अडकतं तेव्हा माणसाला कळतं. हे म्हणजे, आपण एखाद्याच्या बरगडीत बोट खुपसलं आणि त्यानं झोपेत ते धरून ठेवलं, तसं."

"रॉइस!"

"मी काही म्हणत नाही. आईला सांगू नकोस, हसेल." आणि तो गेला.

४

व्हर्ना घरात आली आणि कामाला लागली. डोकं चालेनासं झालं की हात चालवायचे ही तिची सवय. कोंबडीचे तुकडे ताकात भिजत घातले, अंडी उकडायला ठेवली, बटाटे सोलले. विचार येत होते ते येतच होते. ओलीटाचा कावा म्हणावा, तर तारा माझ्याही हातात वळल्या. माझेच हात थरथरले म्हणावं, तर सळईचं काय? चिचुंद्र्या? चिचुंद्री सळई धरून ठेवत नाही. बरं, कुणी रातोरात कुणाला आणून पुरलं? मग गवत कसं शाबूत? गवत तर ती स्वतः कापते. तिनं एकेक शक्यता घेतली आणि एकेक बाजूला टाकली, बटाट्याच्या सालीसारखी.

आणि समज, आहे तिथे कुणीतरी. कोण आहे ती बया? माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताला येऊन निजलीय कोण? भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला मत्सर जास्त वाटत होता. आणि ते जाणवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

हल्डाची मुलगी नेल्डा कॅन्सस सिटीहून संध्याकाळी मुक्कामाला यायची होती. तिला आपला पलंग द्यायचा असं व्हर्नानं ठरवलं होतं. ती निजायच्या खोलीत गेली, खिडकी उघडली आणि चादर ओढून काढली.

खोलीत चांगलं ऊन आलं होतं. गादी उघडी पडली. एवढ्या वर्षांत तिनं ती शेकडो वेळा उघडी पाहिली असेल, पण आज ती चादर हातात घेऊन बघत उभी राहिली. डेलबर्ट उजवीकडे निजायचा. तो म्हणजे दोन माणसांच्या वजनाचा गडी. पण उजवीकडे गादी कडक होती, दुकानातून आणल्यासारखी. त्याच्या अंगाचा खळगा पडला होता तो मध्याच्या इकडे, डावीकडे, पार तिच्या कडेपर्यंत.

व्हर्नाला हसू फुटलं. ती एकटी त्या खोलीत मोठ्यांदा हसली. लग्नाच्या पहिल्या रात्रीपासूनची खोड मेल्याची! निजताना आपल्या जागी, आणि झोप लागली की सरकायला सुरुवात. पहाटे तिचा एक पाय पलंगाबाहेर लोंबकळत असायचा. मग तिनं कोपरानं ढोसायचं, तीनतीनदा "सरक," म्हणायचं, आणि त्यानं डोळे न उघडता एक लांब श्वास सोडून आपल्या बाजूला जायचं. सकाळी विचारलं तर म्हणायचा, "मी? मी जागचा हललो नाही." तो गेल्यावरही कित्येक दिवस ती कडेलाच निजायची, पाय बाहेर काढून.

हसता हसता ती थांबली. चादर तिच्या हातातून खाली पडली.

तारा मोकळ्या जागेवर फिरवतात. नाव कोरलेल्या कबरीवर कुणी कशाला फिरवेल? तिथे कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. टेकाडावर आजवर एकाही मॅब्रीनं ते केलं नव्हतं. डेलबर्टच्या दगडाखाली डेलबर्ट आहे, त्यात बघायचं काय?

"छे," ती स्वतःशीच बोलली. "काहीतरीच काय." ओकची जाड पेटी, झाकणाला स्क्रू, वर माती. तिनं स्वतः मूठभर टाकली होती. मेलेला माणूस कूस बदलत नाही.

तिनं अंड्यांखालचा गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली.

५

टेकाडावर ऊन तिरपं झालं होतं आणि तितर ओरडत होते. सगळं नेहमीसारखं होतं. ओलीटानं तारा कुंपणाच्या खांबाला अडकवून ठेवल्या होत्या, त्या व्हर्नानं घेतल्या.

आधी ती सासूच्या कबरीवर गेली. फुली. ॲब्सलमवर गेली. फुली. केझायावर फुली, म्हातारीवर, जिच्यापायी बैल सोडले तिच्यावर, फुली. कुंपणाकडे हल्डावर तर तारा अशा खटकन बसल्या की व्हर्ना म्हणाली, "हो हो, कळलं, इथेच आहेस."

मग ती डेलबर्टवर आली. दगडासमोर, बरोबर मधोमध उभी राहिली.

तारा सरळ राहिल्या. ती पायथ्यापर्यंत गेली, परत आली. सरळ. तिनं त्याच्या डाव्या हाताकडे एकच पाऊल टाकलं आणि तारा वळल्या, एकमेकींवर आडव्या पडल्या.

आता आमच्यातल्या कुणीही तिथून धूम ठोकली असती. व्हर्ना तिथेच उभी राहिली. भीती होती. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. तिला हायसं वाटलं होतं. कुणी परकी बया नव्हती. तोच होता.

"डेलबर्ट," ती म्हणाली, स्वयंपाकघरातून हाक मारावी तशा आवाजात, "ही माझी बाजू आहे. सरक."

काही झालं नाही. तितर ओरडत राहिले. तिला अगदी खुळ्यासारखं वाटलं. वय झालं, ऊन लागलं, आणि आता कबरीशी भांडायला लागले.

मग तिच्या तळव्यांखाली जमीन हलली. हलली म्हणजे हादरली नाही. झोपेतलं जड माणूस कूस बदलतं तेव्हा पलंगाच्या दुसऱ्या कडेला जेवढं कळतं, तेवढंच. आणि खालून, मातीच्या आतून, नाकातून सोडलेला एक लांब श्वास. हातातल्या तारा सावकाश उघडल्या आणि सरळ झाल्या. त्याच्या बाजूच्या गवतातून, वारा नसताना, एक लाट गेली आणि दगडापाशी विरली.

"आयुष्यभर तीनतीनदा सांगावं लागायचं," व्हर्ना म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आज बरं एका हाकेत ऐकलंस."

तिचं मन भरून आलं होतं. जागा तिची होती. उद्या ओलीटा खुशाल तारा फिरवू दे. ती तारा खांबाला लावायला वळणार, तेवढ्यात तिचं लक्ष डाव्या कडेला गेलं.

तिच्या जागेच्या, डेलबर्टपासून दूरच्या कडेला गवताची एक रेघ वर आली होती. बघता बघता ती आणखी वर आली. गवत फाटलं नाही, माती सांडली नाही. गवताचा थर एका बाजूनं नुसता उचलला गेला, वीतभर, आणि तसाच राहिला. खाली काळोख होता. त्यातून गारवा यायला हवा होता, पण ऊब येत होती.

हिवाळ्यात व्हर्ना शेगडी झाकून निजायला यायची तोवर तिचे हात बर्फ झालेले असत. तेव्हा डेलबर्ट आतूनच कोपर वर करून तिच्या बाजूची रजई उचलून धरायचा. अंधारात तिला चाचपडावं लागू नये म्हणून. तोंडानं काही बोलायचा नाही. रजईचा कोपरा उचललेला असे, एवढंच.

उचललेल्या गवताखाली तिला निळ्या कापडाची घडी दिसली. बाही. कोपरात वाकलेली. त्याला निजवताना तिनंच तो कोट इस्त्री केला होता. त्याच्यापुढे तिनं पाहिलं नाही. निदान मला तिनं तेवढंच सांगितलं.

थर किंचित आणखी वर झाला. ये ना, गार पडशील.

तिला जाणवलं की पायाला गवत लागतंय. तिनं खाली पाहिलं. उजवा बूट तिनं काढून, मोजा आत घालून, नीट बाजूला ठेवला होता. आणि ती वाकून दुसऱ्याची लेस सोडत होती.

आता मात्र ती घाबरली. डेलबर्टची भीती नाही वाटली तिला. लेस सोडताना तिचे हात जराही थरथरत नव्हते आणि तिला इतकं, इतकं बरं वाटत होतं, त्याची भीती वाटली.

"अजून नाही रे," ती कशीबशी म्हणाली. "कोंबडी ताकात भिजत घातलीय. उद्या सगळे जेवायला यायचेत." आणि बूट हातात घेऊन, एका पायानं अनवाणी, कुरकुरत्या गुडघ्यांनी ती गाडीपर्यंत पळत गेली.

६

रविवारी कधी नव्हे एवढी माणसं आली. पोरं कबरींमधून धावत होती, म्हातारे सावलीत खुर्च्या टाकून घोरत होते. सगळ्या दगडांपुढे फुलं होती. व्हर्नाची तळलेली कोंबडी सगळ्यांत आधी संपली.

जेवणं झाल्यावर ओलीटा काठी टेकत उभी राहिली. चेहरा ओढलेला होता. रात्रभर झोपली नसावी बिचारी.

"व्हर्नाच्या जागेचं सांगायचंय," ती म्हणाली आणि अडखळली.

"सांगण्याआधी एकदा तारा फिरव," व्हर्ना म्हणाली.

"काल फिरवल्या की! तूही फिरवल्यास."

"काल ऊन होतं डोक्यावर. फिरव. माझ्यासाठी."

ओलीटा गेली. सगळे बघत होते. रॉइस तेवढा बघत नव्हता, तो गाडीच्या चाकाला टेकून बुटांकडे पाहत होता. ओलीटा व्हर्नाच्या जागेवरून गेली, परत आली. तारा सरळ.

"मोकळी आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मोकळी आहे गं!" ती येऊन व्हर्नाच्या गळ्यात पडली. इतक्या वर्षांत ही नणंद असं कधी वागली नव्हती. "डेलबर्टच्या डाव्या हाताची जागा व्हर्नाची. मी सांगतेय. आता त्यात बदल नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी चावटपणे ओरडलं, "घाई करू नकोस हं, मामी!" आणि सगळे हसले. व्हर्नाही हसली. ती चालत आपल्या जागेपाशी गेली, कडेला उभी राहिली. दगडापाशी फुलं नीट करतेय असं लोकांना वाटलं.

गवताची कड अजून बोटभर वर होती. माहीत नसणाऱ्याला चिचुंद्रीनं उकरलंय असंच वाटलं असतं. व्हर्नानं बुटाच्या तळव्यानं ती हळूच दाबली आणि खाली बसवली. पाय उचलला. कड खालून सावकाश पुन्हा वर आली. घाई नव्हती, राग नव्हता. कुणीतरी कोपर वर करून वाट बघत होतं, बस.

"हो रे," ती पुटपुटली. "येते."

मग ती सावलीत आली, खुर्चीत टेकली आणि तिनं रिकामी ताटली पुढे केली. नेल्डा ब्लॅकबेरीचा केक वाटत होती.

"काकू, लहान तुकडा देऊ ना? तू कुठे गोड खातेस."

"मोठा दे," व्हर्ना म्हणाली. "आणि जरा बस इथे माझ्यापाशी. तुझ्या आईबद्दल सांग काहीतरी. सगळं सांग. मला कुठेही जायचं नाहीये."